यंत्र घरचे, भाषा परकी

आमच्या घरी लॅपटॉप आला तो आईने बचत गटातून काढलेल्या कर्जावर. हप्ते अजून चालू आहेत. आईने त्याला हळदकुंकू वाहिले, वडिलांनी नारळ फोडला आणि मी तो सुरू केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला भाषेचा. मी निमूटपणे इंग्रजी निवडली. आई क्षणभर पडद्याकडे बघत राहिली आणि "तुझं तू बघ बाबा" म्हणून चुलीकडे वळली.

आठवड्याने मी सेटिंगमध्ये जाऊन मराठी लावली. चौथी शिकलेली आई जवळ येऊन बसली आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागली. कर्ज तिचे; पण यंत्र तिचे झाले ते त्या दिवशी!

मित्रहो, मराठी टंकलेखनही अवघड नाही. १९९१ च्या भारतीय मानकातला इन्स्क्रिप्ट कळफलक लॅपटॉपमध्ये असतोच. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. 'के'च्या कळीवर 'क', शिफ्ट दाबली की 'ख'. पंधरा दिवसांत माझी बोटे बसली. तरी आपण मराठी निरोप रोमन अक्षरांत लिहितो आणि 'सोपे पडते' म्हणतो. सोपे की केवळ सवयीचे?

दर २७ फेब्रुवारीला आपण मराठीवर भाषणे करतो. त्यातला एक तास महाविद्यालयाने कळफलकाला द्यावा, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पुढे हा लेख मी आईला पडद्यावरच दाखवणार आहे. तो तिला वाचून दाखवावा लागणार नाही.