हात कोणता? स्किझोफ्रेनिया आणि उसनी प्रश्नावली

स्किझोफ्रेनिया असलेल्यांत पूर्णपणे उजवखुरे नसणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. ड्रॅगोविच व हॅमंड (२००५) आणि हिर्नस्टाइन व हुगडाल (२०१४) यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासून हे नोंदवले. मोजणीतल्या दोषांनी ही वाढ पुसली जात नाही, असेही दुसऱ्या जोडीला दिसले. मानसोपचारतज्ज्ञ टिमोथी क्रो यांच्या मते या आजारात भाषेचे काम मेंदूच्या डाव्या अर्धगोलाकडे सोपवले जाणे अपुरे राहते, आणि स्वतःचाच विचार परक्या आवाजात ऐकू येणे हा त्याचा परिणाम. तर्क देखणा आहे. पण हात हा मेंदूचा कच्चा साक्षीदार: उजवखुऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्क्यांत भाषा डावीकडे असते, तशी डावखुऱ्यांतही सुमारे ७० टक्क्यांत. निदानासाठी तर त्याचा काहीच उपयोग नाही.

हाताचा कल मोजणाऱ्या ओल्डफिल्ड यांच्या १९७१ च्या एडिनबरा प्रश्नावलीत दहा कामे आहेत. त्यांत चमचा आहे, सुरी आहे, लांब दांड्याचा झाडू धरताना वर राहणारा हात आहे. लोणंदच्या बाजारात कांदा निवडणाऱ्या बाईला यातले काय लागू पडावे? केरसुणी एकाच हातात मावते. जेवायचा आणि प्रसाद घ्यायचा हात घरच्यांनी लहानपणीच ठरवलेला असतो, विळाही बहुधा उजव्या हातासाठीच घडवलेला. मुळात डावखुरी असलेली व्यक्ती मग उजव्याने जेवते, उजव्याने लिहिते, दगड मात्र डाव्याने भिरकावते आणि कागदावर ‘मिश्र’ ठरते. स्किझोफ्रेनियात जास्त सापडतो म्हणतात तो गट नेमका हाच. रुग्ण लोणंद परिसरातले आणि तुलनेला पुण्यातले रुग्णालय-कर्मचारी घेतले, की घरच्या शिस्तीतला फरक आजाराचा म्हणून छापला जातो.

सॅट्झ आणि ग्रीन यांनी १९९९ मध्ये लक्ष वेधलेला भेद इथे कामाचा आहे. निरनिराळ्या कामांना निरनिराळा हात, हे एक. त्याच कामाला आत्ता उजवा नि थोड्या वेळाने डावा, हे वेगळेच. दुसरा प्रकार निव्वळ शिस्तीने सहसा घडत नाही, म्हणून तो अधिक बोलका. पण नुसते विचारून सापडत नाही. चेंडू फेकणे, काडी ओढणे, खिळा ठोकणे, सुईत दोरा ओवणे अशी कामे करून दाखवायला सांगावीत, पुढच्या भेटीत पुन्हा. औषधांनी एका बाजूला कंप किंवा ताठरपणा आला असेल तर हाताचा वेग मोजण्यात अर्थ नाही. आईला किंवा थोरल्या भावंडाला एक जादा प्रश्न विचारावा, लहानपणी हात बदलायला लावला होता का. उत्तर प्रश्नावलीच्या गुणांकात न मिसळता वेगळ्या रकान्यात लिहावे.