एक फुलदाणी आणि माझी परिग्रहाची वही



दिवाळीनंतर आमच्या घरी एक फुलदाणी आली. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला आहे. कंपनीच्या कामासाठी तो जपानमध्ये ओकायामाला गेला होता, तिथून त्याने ती माझ्यासाठी आणली. वीतभर उंची, विटकरी-तपकिरी रंग, अंगावर जुन्या झाडाच्या सालीसारख्या रेघा. शेजारच्या वहिनींनी हातात घेऊन विचारलं, "अहो, ही भाजायची राहिलीय का?"

मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मग मुलाने समजावून सांगितलं. हिला बिझेन म्हणतात. ओकायामा प्रांतातलं बिझेन हे जपानमधल्या सहा जुन्या कुंभारकेंद्रांपैकी एक. (ओकायामा हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे.) भातशेतीच्या खालच्या थरातली चिकट माती काढून ही भांडी घडवतात. त्यांना रंग नाही, ग्लेझ नाही. पाइनच्या लाकडावर दहा-दहा दिवस भट्टी पेटती ठेवतात, उष्णता सुमारे १,२०० अंशांपर्यंत नेतात. उडालेली राख भांड्यावर बसून वितळते आणि ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांना तिथले कुंभार 'गोमा' म्हणतात, म्हणजे तीळ. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालतात, तो जळला की तांबडे पट्टे उठतात. म्हणजे नक्षी आग, राख आणि गवत मिळून काढतात. कुंभाराने फक्त जागा करून द्यायची.

ऐकायला छान वाटलं. पण माझी अडचण वेगळी होती. दोन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात मी महाराजांसमोर परिग्रह-परिमाणाचा नियम घेतला. बी.कॉम. झालेली असल्यामुळे मी त्याची रीतसर वहीच घातली आहे. साड्या इतक्या, भांडी इतकी, शोभेच्या वस्तू नवीन एकही नाही. त्यामुळे व्हिडिओ कॉलवर मी त्याला पटकन म्हणून गेले, "माझा नियम आहे, माहीत नाही का तुला? परत घेऊन जा." तो काहीच बोलला नाही. नंतर सूनबाईंकडून कळलं की दोन दिवस सुट्टी काढून तो त्या गावात गेला होता आणि आईला मातीचं आवडतं म्हणून त्याने पाच दुकानं पालथी घातली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नियम मी माझ्या हावरेपणाला आळा घालायला घेतला होता, मुलाच्या मायेवर उगारायला नव्हे. मला वाटतं, आपल्यात हे बऱ्याचदा होतं. व्रत आपण करतो आणि त्याचा जाच घरच्यांना होतो. कडू बोलून पाळलेल्या नियमातही हिंसा असते.

सकाळी मी मुलाला फोन करून माफी मागितली आणि शोकेस उघडलं. मोजले तर तेवीस नग निघाले. काचेचे हंस, प्लॅस्टिकची गुलाबं, कुणाकुणाच्या वास्तुशांतीत मिळालेली घड्याळं. त्यातली एकही वस्तू कुणी बनवली हे मला सांगता आलं नसतं. त्यातल्या बावीस वस्तू मी वाटून टाकल्या. वहीत खाडाखोड केली, "नवीन एकही नाही" खोडून "एकूण दोन" असं लिहिलं. मंदिरात जाऊन प्रायश्चित्तही घेतलं. वहीत पळवाट ठेवायची नाही, हा हिशेबाचा पहिला धडा आहे.

आता हिंसेचा विचार. माती खणली म्हणजे पृथ्वीकाय जीव आले, दहा दिवसांच्या भट्टीत अग्निकाय आले, लाकडात वनस्पतीकाय आले. हे नाकारून "किती निसर्गमय!" असं म्हणणं मला जमणार नाही. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक प्रमादचर्या, म्हणजे कारण नसताना माती खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडपाला तोडणं. त्यातला कळीचा शब्द 'कारण नसताना' हा आहे. एवढे जीव खर्ची पडून झालेली वस्तू काचेआड धूळ खात पडली तर तो अनर्थ. ती रोज डोळ्यांसमोर राहिली, जपून वापरली आणि तिच्यामुळे दुसऱ्या दहा घ्यायच्या टळल्या, तर त्याला काही अर्थ आहे.

श्वेतांबर परंपरेतल्या उपासकदशांग सूत्रात सद्दालपुत्त नावाच्या कुंभाराची कथा आहे. पोलासपुराबाहेर त्याची पाचशे दुकानं होती. तो नियती मानणारा होता, जे होतं ते आपोआप होतं म्हणणारा. उन्हात वाळत घातलेली भांडी पाहून भगवान महावीरांनी त्याला विचारलं, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय? तो म्हणाला, प्रयत्नाशिवाय. मग ती कुणी चोरली किंवा फोडली तर तू त्याला शिक्षा करशील का? तो म्हणाला, करीन. तिथेच त्याचं मत ढासळलं आणि पुढे त्याने श्रावकाची बारा व्रतं घेतली. मला यातून एवढंच उमगलं की समोरचं मडकं हा कुणाचा तरी पुरुषार्थ आहे.

राहिला फुलांचा प्रश्न. सूनबाईंनी हौसेने जरबेराची फुलं आणली. आपल्याकडे बीसपंथी पूजेत फुलं चालतात, तेरापंथात त्याऐवजी केशरी तांदूळ वाहतात. वाद जुना आहे, पण फूल ही क्षुल्लक गोष्ट नाही हे दोन्हीकडे मान्य आहे. जे देवाला वाहताना आपण इतका विचार करतो, ते दिवाणखान्यासाठी सहज तोडायचं? शिवाय फुलदाणीतलं पाणी. गाळलेल्या पाण्याची मर्यादा आपण ४८ मिनिटांची धरतो आणि फुलदाणीत तेच पाणी चार-चार दिवस ठेवतो. मी सूनबाईंना रागावले नाही. एवढंच म्हटलं, "ही आहेत तोवर राहू देत. पुढच्या वेळी आपण दोघी मिळून बघू." जपानची फुलांची कला, इकेबाना, क्योतोच्या रोक्काकुदो मंदिरात बुद्धापुढे फुलं वाहण्यातूनच वाढली, आणि तिच्यात सुकी फांदीही चालते. आता सूनबाई रंकाळ्यावर फिरायला जाते तेव्हा गळून पडलेली काटकी किंवा वाळलेली शेंग घेऊन येते. आमच्या बिझेनमध्ये ती शोभते, आणि पाणीही लागत नाही.

शेवटचं थोडं टोचणारं लिहिते. जपानच्या मातीचं कौतुक करणाऱ्या आपण शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पणत्या घेताना पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. २०१९ च्या महापुरात त्या गल्लीत पाणी शिरलं, घडवलेल्या मूर्ती भिजून गेल्या. पुढच्याच वर्षी तिथे उभी राहून मी डझनाचा भाव पाडून मागितला होता. त्याची मला आज लाज वाटते. ओकायामाचा कुंभार कलाकार आणि आपल्या गल्लीतले मामा नुसते विक्रेते, हा भेद आपणच केलेला आहे.

म्हणून माझं मत असं. हातची वस्तू घरात जरूर असावी, पण एकच. ती कुणी आणि कशी केली हे ठाऊक असावं, ती वापरात असावी, आणि तिच्यासाठी घरातलं दुसरं काहीतरी बाहेर जावं. आणि घ्यायचीच झाली तर आधी आपल्या कुंभार गल्लीत जावं आणि सांगतील तो भाव द्यावा.

तुमच्या शोकेसमध्ये किती नग आहेत? आज दुपारी मोजून मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.