लग्न झालं, पण व्हिसाचं काय? ब्रिटनची २९ हजार पौंडांची अट

जोडीदार ब्रिटिश नागरिक असला किंवा त्याच्याकडे तिथे कायम राहण्याचा परवाना असला, तरी स्पाउस व्हिसासाठी लग्नाचं प्रमाणपत्र पुरत नाही. ११ एप्रिल २०२४ पासून त्याचं वार्षिक उत्पन्न किमान २९ हजार पौंड लागतं. आधी १८,६०० पुरायचे. आठवड्याला ४० तास किमान वेतनावर राबणाऱ्याला हा आकडा गाठताच येत नाही. त्याहून खटकतं ते वेगळंच. पत्नी पुण्यातल्या आयटी कंपनीत कितीही कमावत असो, तिचा इथला पगार हिशेबात धरत नाहीत. नुसती बचत दाखवायची? मग ८८,५०० पौंड, म्हणजे सुमारे कोटभर रुपये, तेही सहा महिने खात्यात पडून हवेत. इतके पैसे कुठल्या नवविवाहितांकडे असतात?