सुंठीवाचून खोकला

पावसाळा सुरू झाला की आमच्या ओट्यावरून किसणी आणि खलबत्ता हलत नाहीत. मंडईतून अर्धा किलो आलं येतं आणि त्याचं पाचक होतं. आल्याचा रस, लिंबाचा रस, साखर, सैंधव आणि चिमूटभर हिंग. रस काढून थोडा वेळ तसाच ठेवायचा. तळाशी पांढरा साका बसतो, तो टाकून वरचा रस घ्यायचा. रात्री काढा असतोच : इंचभर ठेचलेलं आलं, गवती चहाची दोन पाती, तीन-चार मिरे, तुळशीची पानं आणि दोन कप पाणी. ते आटून एक कप झालं की गूळ घालायचा.

हे सगळं मी आवडीनं करतो. तरीही आज मला काढ्याच्या थोडं विरुद्ध बोलायचं आहे.

२०११ च्या थंडीत आईला खोकला झाला. आमचं घर म्हणजे आजीबाईचा बटवा! पहिला आठवडा आल्याचा रस आणि मध, दुसरा आठवडा काढा, मग सुंठीची पूड. ताज्या आल्यापेक्षा सुंठ तिखट लागते. आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलपासून जास्त तिखट असं शोगाओल तयार होतं. हे मला ठाऊक होतं आणि मी ते कौतुकानं सगळ्यांना सांगतही होतो. पण दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर थुंकी तपासायला हवी, ही सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरची साधी सूचना मात्र डोक्यात शिरली नव्हती.

पाचव्या आठवड्यात आईची साडी सैल वाटायला लागली, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. क्षयरोग निघाला.

सहा महिने औषधं घेऊन आई पूर्ण बरी झाली. पण ते वाया गेलेले तीन आठवडे अजून माझ्या मनातून जात नाहीत.

मग काढा बंद करायचा का? मुळीच नाही. गरम वाफेनं बरं वाटतं, घसा शेकला जातो. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, याला तर बऱ्यापैकी पुरावाही आहे. माझा राग आहे तो त्याच्यावर टाकलेल्या ओझ्यावर. २०२० साली घरोघरी काढे उकळत होते. भीतीच्या त्या दिवसांत हाताला काहीतरी काम मिळालं, हे मी समजू शकतो. पण काहीजण दिवसातून चार-चार वेळा प्यायले आणि पोटाची जळजळ घेऊन बसले. आता बाटलीतलं आलं 'इम्युनिटी'च्या नावाखाली महागात विकलं जातं. त्यात असं काय आहे, जे आपल्या खलबत्त्यात नाही?

गंमत म्हणजे आपली म्हणच सांगते, सुंठीवाचून खोकला गेला! साधा खोकला तसाही जातोच, श्रेय काढ्याला मिळतं. आणि जो जात नाही, तो सुंठीनं जाणारा नसतो.

गोळ्या सुरू असताना आईनं डॉक्टरांना विचारलं होतं, "आल्याचा काढा घेतला तर चालेल का हो?" ते म्हणाले, "घ्या की आजी. फक्त गोळी चुकवू नका."

मला वाटतं, काढ्याची जागा याहून नेमकी कुणी सांगितलेली नाही.