सवय झालीये तिला

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातल्या चौघांबरोबर विदर्भातल्या एका जंगलात जाऊन आलो. सकाळची सफारी, कडाक्याची थंडी, सगळे ब्लँकेटं लपेटून बसलेले, आणि साडेसातच्या सुमारास वाघीण दिसली! रस्त्याच्या कडेला निवांत बसली होती. पाच मिनिटांत तिथे अकरा जिप्सी जमल्या. (मोजल्या. मोजायची खोडच आहे मला.) वाघीण उठली, जांभई दिली, दोन गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडला आणि बांबूत दिसेनाशी झाली. मी गाईडला विचारलं, "दादा, एवढ्या गाड्यांचा त्रास नाही का होत हिला?"

"नाही ना सर, सवय होऊन गेली तिला."

हे उत्तर गाडीत सगळ्यांना आवडलं. मलाही. आपण काही वाईट करत नाही आहोत असं जाणकार माणसाने सांगितलं की बरंच वाटतं. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. तिला सवय झालीये हे आपल्याला कळलं कशावरून? तर ती पळाली नाही यावरून. एवढाच पुरावा. आणि माझं म्हणणं असं आहे की हा पुरावाच नव्हे.

असं का म्हणतो ते सांगायला थोडं लांब, पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवर जावं लागेल. कारण रानातल्या प्राण्याच्या अंगात संकटकाळी नेमकं काय चालतं, आणि ते बाहेरून किती कमी दिसतं, याचा सगळ्यात चांगला हिशोब तिथल्या समुद्री इग्वानांचा ठेवलेला आहे.

हा सरडा समुद्रातलं शेवाळ खाऊन जगतो. तिथलं पाणी एरवी थंड असतं, शेवाळ भरपूर असतं. पण एल निन्यो आला की पाणी तापतं, खाण्याजोगं शेवाळ नाहीसं होतं आणि त्याच्या जागी पचायला जड असं तपकिरी शेवाळ वाढतं. म्हणजे पोट भरलेलं असतानाच उपासमार. १९८२-८३ आणि १९९७-९८ या दोन्ही एल निन्योंत इग्वाना प्रचंड संख्येने मेले.

आणि जे जगले त्यांचं काय? ते आखूड झाले! बारीक नव्हे, आखूड. मार्टिन विकेल्स्की आणि कोरिना थॉम यांनी जानेवारी २००० मध्ये 'नेचर'मध्ये हे छापलं. वर्षानुवर्षं तेच प्राणी पकडून नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजलेले, आणि काहींची लांबी दोन वर्षांत २० टक्क्यांपर्यंत घटलेली. आपल्याकडे असा डेटा आला तर पहिला संशय मोजणाऱ्यावरच जातो, आणि तिथेही आधी तेच वाटलं होतं. पण आकडे खरे होते. एवढी घट नुसत्या कूर्चेची असू शकत नाही, तेव्हा हाडंही आक्रसत असावीत, असा त्यांचा अंदाज. लहान शरीराला कमी शेवाळात भागतं, त्यामुळे जे मोठे इग्वाना जास्त आखूड झाले ते जास्त टिकले. शेवाळ परतलं की पुन्हा वाढले. सर्व्हरवर लोड आला की कमी महत्त्वाच्या सर्व्हिसेस बंद करतो ना आपण? हा पठ्ठ्या हाडं बंद करतो.

आता यातला हार्मोनचा भाग, कारण माझा मुद्दा तिथे आहे. धोका जाणवला की मेंदूकडून निरोप जातो आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी एक हार्मोन सोडतात. माणसात आणि वाघात मुख्यतः कॉर्टिसॉल, सरड्यांत आणि पक्ष्यांत कॉर्टिकोस्टेरॉन. याचं काम म्हणजे साठवलेली ऊर्जा बाहेर काढणं आणि दुरुस्ती, प्रजनन वगैरे सावकाशीची कामं पुढे ढकलणं. आपण 'स्ट्रेस हार्मोन' म्हणून त्याला शिव्या देतो, पण बिचारं ते जीव वाचवायलाच आलेलं असतं. खरी गोष्ट ते बंद कधी होतं ही आहे. बंदच झालं नाही तर चरबीनंतर स्नायू जाळले जातात, रोगाशी लढायची ताकद कमी होते, पिल्लं होत नाहीत. (सध्या आमच्या टीमचं रिलीज चालू आहे, त्यामुळे या वाक्याबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. असो.)

मायकेल रोमेरो आणि विकेल्स्की यांनी हे मोजायची साधी पद्धत वापरली. इग्वाना पकडायचा, तीन मिनिटांच्या आत रक्ताचा नमुना घ्यायचा. तेवढ्यात हार्मोन चढलेलं नसतं, त्यामुळे ही झाली मूळ पातळी. मग त्याला कापडी पिशवीत ठेवायचं आणि काही वेळाने पुन्हा रक्त घ्यायचं, म्हणजे धक्का बसल्यावरची पातळी कळते. पुढच्या एका अभ्यासात त्यांनी डेक्सामेथासोनचं इंजेक्शनही दिलं. हो, तेच. २०२० मध्ये कोविडमुळे घराघरात पोचलेलं नाव. या औषधाने मेंदूला 'पुरे झालं' असा खोटा निरोप जातो, आणि धडधाकट प्राण्यात हार्मोन खाली येतं. २०१० साली छापलेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की उपासमारीत मेले ते मुख्यतः हे बटण नीट बंद न होणारे. मूळ पातळी मेलेल्यांत आणि जगलेल्यांत वेगळी नव्हती. म्हणजे संकट येण्याआधी दोघे शेजारी शेजारी खडकावर उन्हात पडलेले असताना बाहेरून काही म्हणजे काही कळलं नसतं.

याहून बोलका प्रसंग २००१ चा. १६ जानेवारीला 'जेसिका' नावाचं तेलवाहू जहाज सान क्रिस्तोबाल बेटाजवळ अडकलं आणि तेल समुद्रात गेलं. वारा आणि प्रवाह अनुकूल होते, बरंचसं तेल उघड्या समुद्राकडे वाहून गेलं, आणि मोठा अनर्थ टळला असंच सगळ्यांना वाटलं. सांता फे बेटावर तेलाचा अंश तेवढा पोचला. तेलाने माखलेले, तडफडणारे प्राणी वगैरे दृश्य तिथे नव्हतं. पण या मंडळींकडे तेल पोचायच्या जेमतेम काही दिवस आधीचे रक्ताचे नमुने होते. नंतरचे घेतले तर हार्मोन चढलेलं! त्यावरून त्यांनी भाकीत केलं की इथे मरतुक होणार. वर्षभरात सांता फेवरचे ६२ टक्के इग्वाना मेले. तेल न पोचलेल्या हेनोवेसा बेटावर तसं काही झालं नाही. शेवाळ पचवणारे पोटातले जिवाणू तेलाने मेले असावेत, असा तर्क आहे. डोळ्यांना 'सगळं ठीक' दिसत होतं आणि रक्त काही वेगळंच सांगत होतं.

बरं, आता आमच्या गाईडदादांचा मुद्दा. पर्यटकांची सवय होते का? हेही याच दोघांनी तपासलं. रोज पर्यटक येणाऱ्या जागेवरचे इग्वाना आणि निवांत जागेवरचे. मूळ पातळी दोन्हीकडे सारखीच. पण पकडल्यावर हार्मोन जेवढं चढायला हवं, तेवढं पर्यटकवाल्या इग्वानांत चढलं नाही. ही सवय झाली म्हणायची, की यंत्रणाच बोथट झाली? आणि उद्या खरंच शेवाळ संपलं तर हा बोथटपणा महागात पडेल का? संशोधकांनीही याचा निकाल दिलेला नाही. पण माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे: शांत दिसणारा प्राणी आतून 'काही झालं नाही' या अवस्थेत असेलच असं नाही.

वाघाचं काय? वाघाला पकडून पिशवीत घालता येत नाही :-) पण गरजही नाही, कारण हार्मोनचे अवशेष विष्ठेत उतरतात. हैदराबादच्या सीसीएमबीच्या संशोधकांनी कान्हा आणि बांधवगढमधल्या वाघांची विष्ठा पर्यटनाच्या काळात आणि बंदच्या काळात गोळा करून तपासली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले: पर्यटनाच्या काळात पातळी जास्त, आणि ती गाड्यांच्या व माणसांच्या संख्येबरोबर वाढते. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर यावरून बछडे कमी होतात किंवा वाघ लवकर मरतात असं सिद्ध होत नाही. चढलेलं हार्मोन म्हणजे नुकसानच असं नसतं, हे वर मीच लिहिलंय. पण 'सवय झालीये' या वाक्याच्या मात्र हे सरळसरळ विरोधात जातं.

यावर मित्राचं म्हणणं, "अरे, पण वाघ वाढतायत ना?" वाढतायत. २०२२ च्या गणनेनुसार देशात अंदाजे ३६८२. आनंदाचीच गोष्ट आहे. पण गणना चार वर्षांतून एकदा होते आणि ती डोकी मोजते. डोकी कमी व्हायला लागली की तोवर उशीर झालेला असतो. सांता फेवर फेब्रुवारी २००१ मध्ये नुसती डोकी मोजली असती तर अहवालात 'परिस्थिती समाधानकारक' असंच आलं असतं.

पर्यटन बंद करा असं मी म्हणत नाही. त्या गाईडचं घर त्यावर चालतं, आणि गावाला वाघाचा पैसा मिळतो म्हणून गाव वाघाला सहन करतं. शिवाय मीच पुन्हा जाणार आहे, तेव्हा ढोंग नको. माझं म्हणणं इतकंच की एका गेटातून किती गाड्या सोडायच्या आणि एका वाघाभोवती किती उभ्या राहू द्यायच्या, हे ठरवताना विष्ठेतला हार्मोनचा आकडा टेबलावर हवा. एखाद्या वर्षी एक-दोनदा नव्हे, दर मोसमाला, त्याच जंगलात. पावसाळ्यात गाभा क्षेत्रातलं पर्यटन तसंही बंद असतं, म्हणजे तुलनेसाठी शांत काळ आयताच मिळतो. नमुने गोळा करायला वनरक्षक रोज त्याच वाटांवर चालतात. खर्च होईल तो प्रयोगशाळेचा, आणि तो आमच्या सफारीच्या तिकिटातून काढायला माझी हरकत नाही.

त्या सकाळी परतताना रस्त्याच्या मधोमध वाघाची विष्ठा पडलेली होती. गाईडने बोट दाखवलं, "ताजी आहे, रात्रीची." ड्रायव्हरने गाडी बाजूने काढली. पुढे चितळ दिसले म्हणून सगळ्यांनी कॅमेरे तिकडे वळवले.