पाण्याची चोपडी उघडा!

नागपुरांत नळाचें पाणी पुरविण्याचें काम मार्च २०१२ पासून २५ वर्षांच्या करारानें ऑरेंज सिटी वॉटर या खाजगी कंपनीकडे आहे. फ्रान्सची व्हिओलिया आणि आपल्याकडची विश्वराज यांची ही भागी. पट्टी महापालिका ठरविते. विकलेल्या पाण्याच्या मापावर कंपनीला मोबदला मिळतो. आणि २००९ च्या पाणी उपविधींत एक तरतूद बसलेली आहे: दर सालीं शेंकडा ५ वाढ.

शेंकडा पांच ऐकून कोणी दचकत नाहीं. सावकारानें सांगितलेलें व्याज ऐकून तरी आमचे आजे-पणजे कोठें दचकले होते! ही वाढ मागच्या वाढीवर चढते, म्हणजे ही चक्रवाढच. दर सालीं ती लावीत गेल्यास शंभर रुपयांची पट्टी पंधरा वर्षांत दोनशेंच्या वर जाते आणि पंचवीस वर्षांत ३३८ वर. आमच्या कापसाचा भाव कोणत्या उपविधीनें दर साल चढतो? कोष्ट्यानें सूत रंगवावें, परटानें धुणें धुवावें, कुंभारानें माती भिजवावी. या सर्वांना पाणी लागतें, पण आपल्या मजुरीवर शेंकडा पांच आपोआप चढवून घेण्याची सोय यांपैकीं एकालाही कोणी करून दिलेली नाहीं.

वाढीचे कैवारी म्हणतात, वीज महागली, मजुरी वाढली, तुरटी महागली. पाणी काय फुकट येतें? नाहीं येत. खर्च वाढला असेल तर आम्ही देऊं. पण वाढला किती, तें दाखवा! नदींतून उचललें किती, विकलें किती, फुटक्या नळांतून वाहून गेलें किती, आणि त्या गळतीचा भुर्दंड कोणाच्या नांवें पडला? सुमारें ३८८ कोटींच्या या योजनेचा शेंकडा ७० भाग केंद्र व राज्य सरकारांनीं उचलावयाचा होता. तो पैसा रयतेचा. त्यावर कोणाचा नफा आकारला जातो कीं नाहीं, हें रयतेनें विचारूं नये काय? खेड्यांतल्या बांधवांनीं हें शहराचें रडगाणें समजूं नये. त्या तिजोरींत तुमचाही पैसा आहे, आणि नागपूरला पाणी येतें तें ज्या पेंच धरणांतून, त्याच्याच कालव्यावर तुमचें धान उभें असतें.

पूर्वीं पोथी वाचावयाची नाहीं, दक्षिणा मात्र द्यावयाची. आतां चोपडी वाचावयाची नाहीं, पट्टी मात्र भरावयाची!

१८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांनीं सावकारांचीं खतेंपत्रें जाळलीं. त्या दंग्यानंतर, १८७९ सालीं, शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, आणि रोख्याच्या मागें जाऊन मूळ मुद्दल किती व व्याज किती याचा झाडा घेण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. परक्या सरकारनें सावकाराच्या चोपडीला जें लागू केलें, तें आमच्या महापालिकेच्या उपविधीला लागू नाहीं.

आणि हें अशक्य म्हणावें, तर विजेचें पाहा. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणें दरवाढीची मागणी जाहीर करावी लागते, हरकती ऐकाव्या लागतात, आणि ग्राहकांची बाजू मांडण्यास आयोग प्रतिनिधि नेमूं शकतो. मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास या संस्था तेथें आंकड्यांशीं झुंजल्या आहेत. इंग्लंडांत टेम्स वॉटर कंपनीनें पांच वर्षांत ५३ टक्के वाढ मागितली होती. ऑफवॉट या नियामकानें १९ डिसेंबर २०२४ ला ३५ दिली. तीही जबरच, आणि तेथील लोक तिच्या नांवानें बोटें मोडतात. पण अठरा टक्के कापले गेले, ते कोणी तरी चोपडी उघडली म्हणूनच ना? आमच्या पांच टक्क्यांना कात्री लावणारा कोणी बसविलेलाच नाहीं. मार्च २०२२ मध्यें नागपुरच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच राज्य करीत होता. तेव्हां तर विचारणारें सभागृहही नव्हतें.

आपोआप वाढीची तरतूद उपविधींतून काढून टाकावी. वाढ पाहिजे असेल तर हिशेब मराठींत छापावा, आणि पट्टी भरणारांच्या बाजूनें हिशेब तपासणारा जाणता वकील महापालिकेच्या खर्चानें नेमावा. सुनावणी वस्तीवस्तींत संध्याकाळीं घ्यावी. दुपारीं घ्याल तर रोज बुडवून कोण येईल? तोंपर्यंत घरोघरच्या बांधवांनीं व भगिनींनीं बिलें जपून ठेवावीं, आणि मीटरचा आंकडा दर महिन्यास स्वतःच्या हातानें लिहून ठेवावा.