समुद्राचा देव कोल्हापुरात

कोल्हापुरात कुठला आलाय समुद्र? पण समुद्राच्या देवाची मूर्ती आपल्या कोल्हापुरात सापडली आहे! पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी टेकडी आहे. तिथे १९४५ च्या सुमारास खोदकाम झाले. तेव्हा पोसायडनची काशाची छोटी मूर्ती मिळाली. पोसायडन हा ग्रीक लोकांचा समुद्रदेव. ही मूर्ती सुमारे २००० वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, रोमन लोकांच्या मुलखातून आली.

तेव्हा मोटारी नव्हत्या. शिडाची जहाजे पावसाळी वाऱ्यावर अरबी समुद्र ओलांडून यायची. बंदरातून माल बैलांवर लादून घाट चढायचा. आपल्या देशातून मिरी, कापड तिकडे जायचे.

काहीजण म्हणतात, जुन्या खापरांचा काय उपयोग? मला हे पटत नाही. ती मूर्ती कुणी मोडीत घातली असती तर हे आपल्याला कसं कळलं असतं? म्हणून रान नांगरताना, घराचा पाया खणताना जुनी भांडी, नाणी सापडली तर फोडू नका, विकू नका. गुरुजींना नाहीतर तलाठ्यांना सांगा. पालकांनाही माझी हीच विनंती आहे. आणि आपली सहल एकदा टाऊन हॉल म्युझियमला न्यावी, असं मला वाटतं.

– इयत्ता ४ थी